खुंटीवरची घडी

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी कट्टा गावच्या बाजारात त्याच्यासाठीच बांगडे निवडत होतो. सकाळी म्हणाला होता, "आज बांगड्याचा तिखला खातलंय." पिशवी तिथेच राहिली, आणि मी मूर्खासारखा मासेवालीला सांगून आलो, "आता नको गो, तो निजलो…"

दादा माझा थोरला भाऊ. हवाई दलात मिग-एकवीसवर होता. 'वर' म्हणजे खालीच. विमानाच्या शेपटीतलं पॅराशूट घडी करून पिशवीत भरणं हे त्याचं काम. मला विमानातलं खिडकीची जागा सोडून काही कळत नाही, तरी तो समजावायचा. "रशियावाल्यांनी ह्या इमान एकाच कामाक केला. शत्रूचा बाँबर दिसला की सुटाचा, मारून परत येवचा. म्हणान अंग बारीक, पंख तिरकोनी नि इवलेसे, तेल थोडा. चढूक वीज! पण उतरताना तेच पंख पुरत नाय, सुसाट येता." मग मागून पॅराशूट उघडून त्याला ओढून धरायचं.

"म्हणजे चढूचो इचार रशियात, आणि थांबूचो तुझ्या पिशवीत?" मी विचारलं. तो एवढा हसला की वहिनी चुलीवरचं टाकून बाहेर आली.

निवृत्तीनंतर चादरी, मच्छरदाणी, खाडीत फेकायचं जाळं, सगळं त्याच शिस्तीत. त्याचं जाळं हवेत गोल उघडायचं. माझं लुंगीसारखं पडायचं. मी केलेली घडी बघून विचारायचा, "ह्या काय रे, घावन?"

दुखणं आलं आणि सुसाट निघालं. मुंबईचे डॉक्टर, कुणकेश्वराला नवस, कुणीतरी सांगितलेला काढा… हाताला लागेल ते मी मागून बांधत होतो. एका दुपारी त्याने माझं मनगट घट्ट धरलं. "उघडणा नाय रे…" माझ्याकडे काहीच उरलं नव्हतं.

जाळं पडवीतल्या खुंटीवर आहे, त्याच्या शेवटच्या घडीत. परवा वहिनी म्हणाली, "भावजीनू, उघडा ता, नायतर उंदीर खातले." खरंच आहे. पण ती घडी मला येत नाही. एकदा मोडली की गेली. तरी खांद्यावर टाकून गेलो. खाडीत गुडघाभर पाण्यात उभा राहिलो. भरती लागली, पाणी कमरेला आलं, तसं जाळं डोक्यावर धरलं…

घरी आलो तो मी निथळत होतो, जाळं कोरडं. वहिनीने दोघांकडे पाहिलं. जाळं हातातून घेतलं, मोडू न देता खुंटीला लावलं, आणि खाली उंदरांचा पिंजरा मांडला.