बैलांसाठी झालेला रस्ता

आमच्या मोठेबाबांइतकं रस्त्यावर प्रेम करणारा आणि त्याच रस्त्यापायी सगळ्या दुनियेशी भांडणारा माणूस अख्ख्या झाडीपट्टीत दुसरा झाला नाही, होणारही नाही. मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. सावली गावाच्या अलीकडे, डांबरी सडक सोडून कोसभर आत आमचं गाव, आणि हा कोसभर मातीमुरमाचा रस्ता म्हणजे मोठेबाबांचा जन्माचा वैरी. वाटेतल्या खड्ड्याला वळसा घालून जाणं त्यांना मान्यच नव्हतं. लग्नाला निघालेले असोत की मयतीला, खड्डा आला की धोतर खोचून सरळ पाण्यात उतरायचे आणि पलीकडे निघायचे. मोठीआई कपाळावर हात मारून घ्यायची. "मी काऊन वळसा घालू? टॅक्स मी देतो, खड्डा देते काय? त्यानं हटावं बाजूले," असं म्हणून ते चिखलाच्या पायांनीच मांडवातल्या पंगतीला बसत.

नवा खड्डा पडला की मोठेबाबा त्याचं बारसं करत. ही थाप नाही, त्या बारशाच्या घुगऱ्या मी स्वतः खाल्ल्या आहेत. पाळण्याची दोरी म्हणून बैलाचा कासरा धरायचा, शेजारपाजारच्या बायांना बोलावून पाळणा म्हणायला लावायचा आणि त्या वेळी कचेरीत जे साहेब असतील त्यांच्या हुद्द्याचं नाव खड्ड्याला द्यायचं. बाया लाजत लाजत यायच्या आणि मग पदर तोंडाला लावून हसत पाळणा म्हणायच्या. पुढेपुढे गावात पत्ताच असा सांगू लागले, की ओव्हरसियर ओलांडून सभापतीच्या डाव्या हाताला वळा. एकदा खरेखुरे ओव्हरसियर जीपमधून पाहणीला आले आणि नेमके आपल्याच नावाच्या खड्ड्यात रुतले. सारं गाव जीप ढकलायला धावलं. मोठेबाबा मात्र हाताची घडी घालून काठावर उभे. म्हणाले, "साहेब, तुमच्या नावाचा हाय जी तो, लौकर सोडणार नाई तुमाले." दुरुस्तीला निधी नाही, टेकडीचा मुरूम खोदावा तर ती जमीन जंगल खात्याची, कागद वर पाठवला आहे, एवढं सांगून ते गेले. कागद वरच राहिला.

हसण्यावारी चाललेलं हे सगळं एका पावसाळ्यानंतर हसण्याजोगं राहिलं नाही. रस्ता इतका फुटला की डेपोनं गावात येणारी एसटी बंद केली. गाडी डांबरी सडकेवरूनच निघून जाऊ लागली. पोरं सायकलीवर, नाहीतर पायी जात राहिली, पण सावलीच्या हायस्कुलात जाणाऱ्या पोरींना घरच्यांनी बसवून ठेवलं. कोसभर जंगलाची वाट, वाघाचं नाव निघालं की आईबापांचा धीर सुटायचा. मोठेबाबांची धाकटी मुलगी बेबी तेव्हा दहावीला होती. तिचं दप्तर खुंटीला लागलं आणि हातात धान कापायचा विळा आला. ती रडली नाही, म्हणून मोठेबाबांना जास्त लागलं. त्यांनी घरोघरी जाऊन श्रमदानासाठी हात जोडले. ज्यांनी आयुष्यात कुणापुढे मान वाकवली नाही, त्यांनी! गावानं एकच उत्तर दिलं, "सरकारचा रस्ता हाय, सरकार करन." एक टोपलं कुणी उचललं नाही.

आता आमच्याकडे धान निघालं की शंकरपट भरतो. एकेक बैलजोडी सोडायची आणि घड्याळ लावायचं. बैल ज्या वाटेवर धावणार तिची निगा मी काय सांगू? खडा दिसला तर माणसं गुडघ्यावर बसून वेचतात. मोठेबाबा या पटाचे जुने पंच, त्यांचा शब्द मोडायची कुणाची टाप नव्हती. त्या वर्षी त्यांनी बैठकीत जाहीर केलं, "यंदाचा पट वावरात नाई, सडकेवर. कोणत्या टप्प्यावर, ते पटाच्या सकाळी सांगीन."

झालं! कोणता टप्पा ते ठाऊक नाही म्हटल्यावर अख्खा कोसभर रस्ता बैलांच्या खुरांखाली येण्याचा संभव. जो तो आपापल्या बोडीच्या, म्हणजे शेतातल्या तळ्याच्या, पाळीचा मुरूम बैलबंड्यांत भरून आणू लागला. ओव्हरसियर बुजला, सभापती बुजले. ज्यांना पोरींसाठी वेळ नव्हता, ते लाकडाचा ओंडका बैलांना जुंपून रस्ता चोपत होते. पट उजाडायच्या आत रस्ता असा झाला की त्यावर पापड वाळत घालावेत.

पटाच्या सकाळी झाडून सगळे जोडीवाले बैल सजवून हजर. मोठेबाबा फेटा बांधून, हातात झेंडी घेऊन उभे. "पहिली जोडी सोडा!" म्हणून ते ओरडले, आणि वळणावरून धूळ उडवत आली ती एसटी. आदल्या दिवशी हा माणूस डेपोत जाऊन "जयभीम साहेब, आमचा रस्ता पाहाले गाडी पाठवाच" म्हणून बसकण मारून आला होता. आपण चोपलेल्या वाटेवर टायरं फिरलेली पाहून जोडीवाले अंगावर धावून आले. मोठेबाबा हलले नाहीत. "बैलाच्या पायाले खडा रुतन म्हणून रस्ता झाला. पोरी घरी बसल्या तवा कोनाले काई रुतलं नाई? मारा मले. पन बेबी आधी गाडीत बसन, मंग पट होईन." बेबी दप्तर घेऊन चढली, मागून आणखी पोरी चढल्या. कुणाचा हात उठला नाही. मग तळ्याजवळच्या टप्प्यावर पट झाला आणि फार झकास झाला.

पुढे कचेरीतून विचारणा आली, सरकारी रस्त्यावर पट भरवायला परवानगी कुणी दिली? मोठेबाबा आलेल्या कारकुनाला म्हणाले, "सरकारचे खड्डे होते, ते आमी बुजवले. आता हा रस्ता आमचा हाय. साहेबाले म्हना, जायचं असन तर आमाले इचारून जा." दर वर्षी पट सडकेवरच होऊ लागला, कुरकुरत का होईना लोक मुरूम टाकत राहिले आणि गाडी येत राहिली.

बेबी पास झाली आणि तिला नागपूरला नर्सिंगला प्रवेश मिळाला. ती गेली त्या सकाळी मी मोठेबाबांसोबत पेटी घेऊन गेलो होतो. तिनं खिडकीतून काहीतरी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात गाडी निघाली आणि एक गचकाही न खाता बघता बघता वळणाआड गेली. जुन्या रस्त्यावर गाडी इतकी रखडत जायची, की खिडकीशी बोलत बोलत माणूस पार डांबरीपर्यंत सोबत चालायचा. मोठेबाबा चार पावलं धावले आणि थांबले. एरवी रस्त्याबद्दल कुणाचं ऐकून न घेणारा तो माणूस धुळीकडे पाहत हळूच म्हणाला, "जरा जास्तच चांगला झाला बापा रस्ता." आम्ही दोघं तसेच घरी परत आलो.