वेताळशास्त्री कुणाच्याच बाजूचे नव्हते

फोन आला तेव्हा मी दाणे भाजत होते. मंगळवार होता, पण रविवारी सुहासभाऊजींची खेळातली मंडळी यायची आणि त्यांना दाण्याची चटणी लागायची, म्हणून ती मी आधीच करून ठेवायची. खराडीच्या त्यांच्या ऑफिसातून कुणी मुलगी बोलत होती. "सुहाससरांच्या घरचं कुणी आहे का?" असं तिनं दोनदा विचारलं आणि दोन्ही वेळा मी "आहे" म्हणाले. जेवून खुर्चीत बसले ते उठलेच नाहीत. सत्तेचाळिसावं चालू होतं. दाणे करपले. खरं सांगायचं तर मला आधी रागच आला... सकाळी डबा घेताना "आज लवकर येतो" म्हणाले होते.

ते माझे धाकटे दीर. लग्न होऊन मी कसब्यातल्या घरात आले तेव्हा ते कॉलेजात होते. सासूबाईंचं आणि माझं पटायचं नाही. आमटीत गूळ किती घालायचा इथपासून सुरुवात व्हायची. वाद वाढला की दोघी त्यांच्याकडे बघायचो, कारण आमचे हे तोवर चप्पल घालून बाहेर पडलेले असायचे. भाऊजी शांतपणे पोळी मोडत म्हणायचे, "आईचंही बरोबर आहे आणि वहिनींचंही." असा संताप यायचा! एकदा मी म्हणाले, "अहो, दोघींचं बरोबर असेल तर आमटी बिघडली कशी?" तर म्हणाले, "आमटी चांगली झालीय. वाढा अजून."

सासूबाई गेल्या, त्यांच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. ऊन चढलं. गेलेल्या माणसाच्या मनात काही राहिलं असलं की कावळा शिवत नाही म्हणतात, म्हणून एकेक जण पुढे होऊन शब्द देत होता. कुणी म्हणालं घर नीट सांभाळू, कुणी म्हणालं देवाचं सगळं करू. मीही मनात म्हणाले, गूळ तुमच्या मापानं घालीन. कावळे झाडावरच. शेवटी भाऊजी वैतागून ओरडले, "बरं बाई, लग्न करतो!" आणि कावळा शिवला. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. लग्न काही त्यांनी केलं नाही. मी दर श्राद्धाला आठवण करून द्यायची, ते दर श्राद्धाला खीर मागायचे.

त्यांचा खेळ मला बरेच दिवस कळलाच नाही. टेबलाभोवती बसून प्रत्येकानं एकेक माणूस व्हायचं. गौतमी म्हणून त्यांची मैत्रीण आहे, ती राजे, गुहा, राक्षस अशी गोष्ट सांगायची. बाकीचे आपला माणूस त्यात काय करील ते सांगायचे, आणि ते जमलं की फसलं हे वीस बाजूंचा एक फासा ठरवायचा. पन्नाशीला टेकलेली माणसं! एका रविवारी सकाळी भाऊजी कोरा कागद घेऊन स्वयंपाकघरात आले. नवा माणूस तयार करायचा होता, नेक्रोमॅन्सर. म्हणजे प्रेतं उठवणारा मांत्रिक. मी मटार सोलत होते. म्हटलं, सणासुदीचं हे काय अभद्र? ते लिहीतच राहिले. नाव वेताळशास्त्री. बुद्धी सतरा, ताकद आठ.

"आठच? मग प्रेतं उचलणार कशी?"

"प्रेतं आपली आपण उठतात, वहिनी."

पुढे एक रकाना होता, माणूस चांगला, वाईट की मधला. त्यांनी 'मधला' लिहिलं. माझं डोकंच फिरलं. "झालं! इथंही मधलेच. एकदा तरी कुणाची बाजू घ्या की."

"चांगला केला तर हे सगळे म्हणणार, आमच्यासाठी उठव. वाईट केला तर राजा म्हणणार, माझ्यासाठी उठव. प्रेताला काय हवंय ते कुणी बघणारच नाही."

"मग त्यालाच विचारा ना आधी," मी रागानंच म्हणाले. "आईंना तरी आपण कुठे विचारलं? आपणच बडबडत होतो कावळा येईपर्यंत."

त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं, आतून वही आणली आणि तिच्या पहिल्या पानावर लिहिलं : न विचारता कुणालाही उठवायचं नाही. खाली दुसरं : मेलेल्याला दिलेला शब्द पाळायचा.

"हे कोण लिहितंय बघा! आणि लग्नाचं काय झालं?"

"हे नियम शास्त्रीबुवांचे आहेत. माझे नाहीत."

त्या नियमांनी मंडळींना छळ छळ छळलं. मी चहा घेऊन गेले की आरडाओरडा चाललेला असायचा. एकदा राजाचा मेलेला शिपाई मिळाला. फितूर कोण ते त्याला माहीत होतं. शास्त्रीबुवांनी त्याला विचारलं, "उठता का?" गौतमीनं फासा टाकला आणि शिपाई 'नको' म्हणाला. भाऊजींनी हात जोडले, "बरं, झोपा मग." बाकीचे खवळले. "अरे, मेलाय तो! त्याला कसलं विचारतोस?" भाऊजी म्हणाले, "जिवंत माणूस नाही म्हणून निघून तरी जातो. हा कुठे जाईल?" मला हसू आलं, पण मी कपबशा गोळा करून आत आले. चारचौघांत बोलणं मला कधी जमलं नाही.

एकदा दोघेच असताना मी त्यांना विचारलं होतं, "आई माझ्याबद्दल तुमच्यापाशी काय काय बोलायच्या?" ते म्हणाले, "वहिनी, तुम्ही आईबद्दल जे बोलायचात, ते मी तिला कधी सांगितलं?" इतकी वर्षं भाऊजी आम्हा दोघींच्या मधे जेवायला बसले, पण एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. केला असता तर त्या घरात एक चूल राहिली नसती. हे मला तेव्हाच कळलं होतं. तसं त्यांना म्हणाले मात्र नाही.

त्यांच्या शेवटच्या रविवारी खेळात लढाई जवळ आली होती. एकीकडे राजा, दुसरीकडे बंड करणारी गावं, आणि दोघांनाही शास्त्रीबुवा हवे होते. मंडळी गेल्यावर चटणीची बरणी पुसत भाऊजी म्हणाले, "पुढच्या महिन्यात मी ऑफिसच्या कामाला बाहेर आहे. यांना शास्त्रीबुवांना कुठल्या बाजूला ओढू देऊ नका हं." मी म्हणाले, "मी काय सांगणार त्यांना? तुमचं तुम्हीच निस्तरा."

त्यांच्या दहाव्यालाही कावळा शिवला नाही. ह्यांनी शब्द दिला, मामांनी दिला, गौतमीही काहीतरी पुटपुटली. काय राहिलंय ते मला ठाऊक होतं. पण एवढ्या माणसांत, गुरुजींसमोर, वेताळशास्त्र्यांना सांभाळीन असं कसं म्हणायचं? मी मागेच उभी राहिले. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. घरी येईपर्यंत मी मनात भाऊजींना बोलत होते. सरळ काहीतरी मागायचं होतं, इतरांसारखं.

महिन्याभरानं मंडळी वही न्यायला आली. गौतमीचे डोळे भरलेले होते. म्हणाली, "वहिनी, आम्ही ठरवलंय. शास्त्रीबुवा शेवटी गावांच्या बाजूनं लढतील आणि वीरासारखे मरतील. सुहासची आठवण म्हणून." सगळ्यांनी माना हलवल्या. मी दारात ट्रे घेऊन उभी होते. ट्रे खाली ठेवला.

"नाही," मी म्हणाले.

त्या घरात त्यांनी माझा आवाज असा कधी ऐकला नव्हता. गौतमी म्हणाली, "मग त्यांचं काय करायचं?"

"त्यांना विचारा."

"आता कसं विचारणार, वहिनी?"

"विचारता येत नसेल तर उठवू नका. पहिलाच नियम आहे. वही उघडून बघा."

कुणी वही उघडली नाही. गौतमीनं ती माझ्या हातात दिली. मग एकानं हळूच विचारलं, चटणी आहे का.

वही आता दाण्यांच्या डब्यामागे असते. ही मंडळी रविवारी अजून येतात, भाऊजींच्या खुर्चीवर कुणी बसत नाही, आणि चटणी करायचं काम काही माझं सुटलेलं नाही. काल दाणे भाजताना एकटीच होते, म्हणून मोठ्यानं विचारलं, "ठेवला की नाही तुमचा शब्द? आता तरी म्हणा, वहिनींचं बरोबर होतं."

दाणे तडतडत राहिले. आता सुद्धा बाजू घेतील तर शपथ.