पुंजाजीच्या धुऱ्याशी थांबलेली रेघ

हात धुतले की पाणी कुठे जातं ते बघत उभा राहतो. एसटीतून उतरला की आधी मातीचं ढेकूळ उचलून बोटांत चुरडतो. चिखल दिसला की चपला हातात घेतो. भातावरचं वरण कुठे अडलं, हे जेवण थांबवून सांगतो.

हा माझा मित्र शेषराव. गाव सोनाळा. महाराष्ट्र झाला त्या वर्षी आम्ही दोघं मॅट्रिक झालो. मी मराठी घेऊन बी.ए. केलं. तो अकोल्याला शेतकी कॉलेजात माती आणि पाणलोट शिकतो.

यंदा उन्हाळ्यात त्यानं आपल्या मोठ्या मायच्या, म्हणजे थोरल्या काकूच्या, गोजरबाईच्या वावरात चुन्याची रेघ मारली. पाणी भरलेल्या रबरी नळीनं सारखी उंची शोधत. नळीचं दुसरं टोक माझ्या हातात. आमच्याकडे बांध घालायचा तो दोन वावरांमधल्या धुऱ्यावर, सरळ. शेषरावची रेघ उताराला आडवी, वळणं घेत गेली. पुढे ती शेजारच्या पुंजाजीच्या वावरात शिरणार होती; त्यानं तिला धुऱ्याशीच अडवलं.

“काऊन बे शेष्या,” गोजरबाई म्हणाली, “बांध घालून राह्यला का साप काढून राह्यला?”

“मोठी माय, पाण्याले धुरा समजत नाही. त्याले उतार समजते.”

“माही पऱ्हाटी बुडली तं बांध मीच फोडीन. मंग तुले पाहीन.”

हीच परवानगी. रेघेवर बांध उभा राहिला.

पोळ्याला शेषराव घरी आला. आम्ही बैलांची शिंगं रंगवत होतो. सातपुड्याकडून पाऊस आला आणि धो धो कोसळला. उघडताच आम्ही वावराकडे पळालो. मागून गोजरबाई, कुदळ घेऊन.

बांध शाबूत होता! मागे पाणी पसरलं होतं, या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखं. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, डोकं वर काढून उभी. पलीकडे पुंजाजीचा सरळ बांध खालच्या कोपऱ्यात फुटला होता. काळी माती नाल्याला चालली होती.

“पाह्य बे, पाह्य! सारखं हाय! बोटाचा फरक नाही!” शेषराव चिखलात नाचत होता. हाताला शिंगांचा हिंगूळ तसाच.

गोजरबाईनं कुदळ खाली टाकली. “साप गुणाचा हाय,” म्हणाली.

पुंजाजी फुटका कोपरा बघून आमच्याकडे आला. “शेषराव, माह्याकडची रेघ कव्हा मारतं?”

शेषराव तेव्हाच नळी आणायला निघाला होता. पण उभ्या पिकात रेघ मारता येत नाही, आणि सकाळी त्याला अकोल्याची गाडी होती.

नळी माझ्या घरी खुंटीला आहे. पुंजाजीनं चुन्याचं पोतं आणून ठेवलंय. रेघ अजून धुऱ्याशीच आहे.