खोटा सोमवार

“बौद्धांच्यात सोमवार असतो का गो?”

स्वयंपाकघराच्या मागे, मोरीजवळ मी दात घासत उभी होते. आत काकू त्यांच्या जावेला विचारत होत्या.

“असेल,” जाऊ म्हणाली. “हल्ली सगळी सगळं करतात.”

“वडील तर सांगून गेलेत, सुरमई ताजी असेल तर दोन तुकडे जास्त टाका. आणि पोरीचा उपास.”

“मग तिचे तुकडे त्यांना. हिशेब बरोबर.”

दोघी हसल्या. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं, तरी मी चूळ न भरता तशीच उभी राहिले. नळ सोडला असता तर मी तिथे आहे हे त्यांना कळलं असतं.

अलिबागच्या पुढे, समुद्राला लागून काकूंचं घर आहे. त्यातल्या दोन खोल्या त्या पाहुण्यांना देतात. आई, पप्पा आणि मी आदल्या दिवशी, रविवारी, भाऊच्या धक्क्यावरून लाँच पकडून तिथे तीन दिवसांसाठी आलो होतो. आमच्या घरात सुट्टी म्हणजे गाव, नाहीतर कुणाचं तरी लग्न. नुसतं समुद्र बघायला, ओळख नसलेल्यांच्या घरी राहायला आम्ही पहिल्यांदाच निघालो होतो. पप्पा नुकतेच रिटायर झाले होते आणि त्यांनी नवीन सँडल घेतले होते.

पहिला चहा झाला तेव्हा काकूंनी विचारलं, “मुंबईत कुठे?”

“आधी नायगाव, बीडीडी चाळीत. आता परळ.”

“आणि गाव?”

पप्पांनी गाव सांगितलं आणि लगेच जोडलं, “आम्ही बौद्ध.”

हे ते नेहमी करतात. समोरच्याने आडनाव विचारावं, मग मनात जुळवावं, मग आवाज बदलावा, एवढा वेळ ते कुणालाच देत नाहीत. मी असले की कपाकडे बघत बसते. मी माझ्याबद्दल कुणाला काहीच आधी सांगत नाही, विचारलं तरी अर्धंच सांगते.

काकू म्हणाल्या, “बरं. मासे खाता ना?”

पप्पा इतके मोकळे हसले की आई त्यांच्याकडे बघतच राहिली.

त्या हसण्यामुळेच मला सोमवारी सकाळी मोरीजवळ जास्त लाज वाटली.

तीन वर्षांपूर्वी परळच्या एका हॉस्पिटलात मला सीलिएक आहे असं निघालं. गव्हात ग्लूटेन असतं, ते माझ्या आतड्याला सोसत नाही, चिमूटभर पोटात गेलं तरी मी दोन-तीन दिवस आडवी होते. डॉक्टरांनी सगळं इंग्रजीत सांगितलं आणि आई-पप्पांना समजावायचं काम माझ्यावर आलं. मी दादरच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकले. डॉक्टरांचे शब्द मला नीट समजले होते, पण मराठीत सांगायला गेले तर तोंडात काहीच येईना. ‘ग्लूटेन’ला आई अजूनही गव्हातलं चिकट म्हणते.

“गहू बंद. मैदा, रवा, पाव, शेवया, सगळं बंद,” मी सांगितलं. “हिंगात पण मैदा असतो.”

“एवढंच ना,” पप्पा रिपोर्टची घडी घालत म्हणाले.

“आणि भांडी वेगळी लागतील. तवा, परात, कढई. माझी वेगळी.”

घडी घालणारा त्यांचा हात थांबला.

मी चौथीत असताना मला स्वतःचा ग्लास हवा होता. मैत्रिणींच्या घरी सगळ्यांचे असायचे. मी एका स्टीलच्या ग्लासवर आईच्या नेलपॉलिशने माझं नाव लिहिलं. पप्पांनी ते ब्लेडने खरवडून काढलं. ओरडले नाहीत. लहानपणी गावात ज्या घरी ते निरोप पोचवायला जात, तिथे त्यांच्यासाठी कपबशी बाहेर वळचणीला खोचलेली असे. चहा वरून ओतला जाई. पिऊन झालं की आपणच विसळायची आणि होती तिथे खोचून ठेवायची. एवढंच त्यांनी सांगितलं, आणि म्हणाले, “आपल्या घरात कुणाचं भांडं वेगळं नसतं.” तो विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नाही.

हॉस्पिटलातून आलो त्याच संध्याकाळी त्यांनी कणकेचा डबा उचलून शेजारी नेऊन दिला. तवा आणि पोळपाट भंगारात घातलं आणि लालबागच्या बाजारातून सगळं नवीन आणलं.

“उद्यापासून सगळेच भाकरी खाऊ.”

“तुम्हाला चपातीशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही,” आई म्हणाली.

“वाटेल.”

असं आमचं अख्खं घर माझ्यासारखं झालं, आणि वेगळं काही ठेवायची वेळच आली नाही. पप्पा परळच्या पुलाखाली वडापाव खातात हे मला माहीत आहे. बिल्डिंगच्या गेटशी उभे राहून ते बाटलीतल्या पाण्याने चूळ भरतात, कोपरापर्यंत हात धुतात, शर्ट झटकतात आणि मग वर येतात. मी खिडकीतून बघितलंय. त्यांना सांगितलं नाही.

बाहेर खायचं झालं तर दाखवायला त्यांनी मला एक कार्ड लिहून दिलं होतं. आयुष्यभर सरकारी ऑफिसात मसुदे लिहिलेले, त्यामुळे मजकूर असा होता: ‘सदर मुलीस गहू, मैदा, रवा व तत्सम पदार्थ वैद्यकीय कारणास्तव वर्ज्य आहेत. तरी तिचे जेवण स्वच्छ भांड्यात करावे, ही विनंती.’ मी ते लॅमिनेट करून घेतलं. मी त्यांना ‘वेगळ्या’ सांगितलं होतं. त्यांनी ‘स्वच्छ’ लिहिलं. मी ते वाचलं आणि थँक्यू म्हटलं.

ते कार्ड मी एकदाच वापरलं, लालबागच्या एका खानावळीत. मालकांनी ते दोनदा वाचलं आणि मोठ्याने विचारलं, “आमची भांडी घाण असतात असं कोण म्हणतं?” सगळी टेबलं माझ्याकडे वळली. मला बसमध्ये कंडक्टरकडे सुटे मागायला जमत नाही. मी “नाही, नाही” म्हणत समोर आलं ते खाल्लं आणि पुढचे दोन दिवस बाथरूमच्या दाराशी काढले. बरी झाल्यावर कार्ड पप्पांच्या ड्रॉवरमध्ये ठेवून दिलं.

मग ऑफिसातल्या मुलींबरोबर एकदा दादरच्या उपाहारगृहात गेले. मी मेनूकार्डाकडे नुसतीच बघत बसलेली पाहून वेटर म्हणाला, “मॅडम, उपास आहे का?”

मी मान हलवली.

साबुदाण्याची खिचडी आली. ती वेगळ्या कढईत झालेली, वेगळ्या झाऱ्याने वाढलेली होती. पिठाचा हात नाही, हिंग नाही. कुणी कारण विचारलं नाही, उलट वेटरने माझं ताट आधी आणलं. मला इतकं हलकं वाटलं की मी ताक पण मागवलं. त्या दिवसापासून मी दादरला, गिरगावात, लग्नाकार्यात, सगळीकडे उपास करू लागले. आठवड्याच्या सातही दिवशी कुठल्या ना कुठल्या देवाचा उपास असतोच, त्यामुळे अडत नाही. आई पौर्णिमेला पांढरी साडी नेसून विहारात जाते, तेवढं सोडलं तर आमच्या घरात कुणी कधी काही धरलेलं नाही, आणि माझ्या ऑफिसात मात्र मी फार धार्मिक म्हणून ओळखली जाते.

समुद्रावर जायचं ठरलं तेव्हा मी कॅलेंडर पाहून ठेवलं होतं. रविवारी घरून आणलेल्या भाकऱ्या. सोमवारी शंकर. मंगळवारी गणपती. रविवारी संध्याकाळी काकूंना एकटं गाठून मी उद्याच्या उपासाचं सांगितलं, तशी त्यांनी माळ्यावरून एक छोटी कढई काढली. “ही फक्त उपासाची. हिला मासळीचा वास ठाऊक नाही,” त्या कौतुकाने म्हणाल्या. मला त्यांना मिठी मारावीशी वाटली.

तर त्या सोमवारी, खिचडी खाऊन, मी वाळूवर बसले होते. पप्पा पँट दुमडून, सँडल हातात धरून आले आणि शेजारी बसले.

“काकू म्हणाल्या, तुला चांगला नवरा मिळणार.”

“का?”

“सोमवार धरतेस म्हणून.”

मी पायाने वाळू उकरत राहिले.

“कधीपासून?” त्यांनी विचारलं. आवाज नेहमीचाच होता, म्हणून मला जास्त वाईट वाटलं.

“धरत नाही पप्पा. सांगते फक्त. उपास म्हटलं की कुणी काही विचारत नाही.”

“काय विचारतात?”

“काहीच. पण बघतात. आणि उपासाची कढई...” मी थांबले. “ती आपोआप वेगळी असते.”

एक लाट येऊन त्यांच्या पायाला लागून गेली.

“कार्ड होतं ना?”

“कार्डावर स्वच्छ लिहिलंय.”

त्यांनी वाळूतला एक शिंपला उचलला, उलटा करून पाहिला, परत होता तिथे ठेवला. “हां,” म्हणाले. उठताना मात्र एकदम म्हणाले, “पण मग संध्याकाळी सोडणार कसा?”

“काय?”

“उपास. धरला की सोडतात ना?”

दादरला ताट संपलं की मी ऑफिसात परत जायचे, माझा उपास तिथेच संपायचा. तो सोडताना समोर कुणी बसलेलं असतं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

दिवेलागणीला काकूंनी पडवीत पानं मांडली. आईच्या आणि पप्पांच्या पानात भात, आमटी, सुरमई. सुरमईवर रव्याचं कुरकुरीत कवच होतं. माझ्या पानात सुरमई सोडून तेच सगळं, आणि शिवाय एक वाटी. शिरा. केळं घातलेला, तुपाने चमकणारा, वर चार बेदाणे. फक्त माझ्यासाठी केलेला.

“आधी गोड घे,” काकू म्हणाल्या आणि माझ्यासमोरच पाट ओढून बसल्या. “दिवसभर काय खाल्लंस, मूठभर खिचडी. घे.”

मी वाटीकडे बघत राहिले. खाल्लं तर उद्याचा दिवस आणि परतीची लाँच कशी जाणार हे मला ठाऊक होतं. नाही खाल्लं, तर काकूंना काय वाटणार? ‘आम्ही बौद्ध’ ऐकून ज्या बाईने ‘मासे खाता ना’ एवढंच विचारलं, तिच्या हातचं तिच्याच पडवीत बसून मी बाजूला सारणार होते. तेही पप्पांच्या देखत. सारलेली वाटी कशी दिसते हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

“अगं, आवडत नाही का?” काकूंचा आवाज थोडा उतरला.

“तिला जरा...” पप्पा म्हणाले. “म्हणजे डॉक्टरांनी...” त्यांनी खिशात हात घातला आणि कार्ड काढलं. ते त्यांनी ड्रॉवरमधून बरोबर आणलं होतं, मला माहीतच नव्हतं. चष्मा खोलीत राहिला होता, म्हणून हात लांब धरून त्यांनी वाचायला सुरुवात केली. “सदर मुलीस गहू, मैदा...”

“कोण सदर?” काकूंनी विचारलं.

आईला हसू फुटलं. “आमचीच. ऑफिसातून बाहेर आलेच नाहीत अजून हे.”

पप्पाही ओशाळून हसले आणि पुढे वाचू लागले. “वैद्यकीय कारणास्तव वर्ज्य आहेत. तरी तिचे जेवण...”

तिथे ते थांबले. पुढचा शब्द त्यांना पाठ होता, त्यांनीच लिहिला होता. त्यांचे ओठ हलले. मला वाटलं ते दुसरा शब्द म्हणून बघतायत, आणि तो येत नाहीये. कार्ड धरलेला हात हळूहळू खाली आला. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि अगदी थोडी मान डोलावली.

मी वाटी बाजूला सारली नाही. दोन्ही हातांनी उचलली आणि पप्पांच्या पानाशी ठेवली, कारण त्यांनी तीन वर्षांत घरी शिरा खाल्ला नव्हता. मग काकूंकडे वळले. माझा आवाज मलाच मोठा वाटला.

“काकू, माझा उपास नव्हता. मी खोटं बोलले. मला गहू सोसत नाही, रवापण नाही, आजारी पडते मी. तुमची भांडी स्वच्छ आहेत, पण मला वेगळं भांडं लागतं. वेगळं. उपासाची कढई नको, तिला मासळी चालणार नाही. पीठ न लागलेलं दुसरं कुठलंही द्या. मलापण सुरमई खायचीय.”