वन्सं आणि शाळेचं कुलूप

पुण्यात रागावणाऱ्या माणसांची टंचाई कधीच नव्हती, पण जंतूंशी खासगी वैर धरणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली, आणि ती नेमकी माझी थोरली नणंद निघाली. वन्सं कर्वेनगरला एकट्या राहतात. उभी नोकरी त्यांनी रक्त-लघवी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत केली. निवृत्त झाल्यावर सूक्ष्मदर्शक सुटला, नजर सुटली नाही. भाजीवाल्याने कोथिंबिरीवर पाणी शिंपडलं की ते कुठलं, याची चौकशी होते. लग्नाच्या पंगतीत त्या ग्लास उजेडात धरून बघतात आणि यजमानांना ऐकू जाईल असा सुस्कारा सोडतात. गोळ्यांचा कोर्स अर्धवट सोडणाऱ्याशी तर त्या बोलतच नाहीत. माझ्या नवऱ्याशी, म्हणजे स्वतःच्या सख्ख्या भावाशी, या एका कारणावरून त्या अख्खी दिवाळी बोलल्या नव्हत्या.

मागच्या वर्षी मला लघवीचा संसर्ग झाला, वर्षात तिसऱ्यांदा, तेव्हा तोफेचं तोंड माझ्याकडे वळलं. माझंही चुकलंच होतं. तपासणीचा नमुना न्यायला हाताशी काही नव्हतं म्हणून मी लोणच्याची बरणी लख्ख घासून घेतली होती. वन्सं त्या दिवशी आमच्याकडेच होत्या. बरणीकडे बराच वेळ बघून म्हणाल्या, "यात जे सापडेल ते तुझं की कैरीचं, हे कोण ठरवणार?" मग भर उन्हात स्वतः जाऊन औषधाच्या दुकानातून निर्जंतुक डबी घेऊन आल्या.

अहवालात निघाला तो प्रत्येकाच्या आतड्यात राहणारा साधा जीवाणू. घरचाच आहे म्हणायचा, असं मी बोलून गेले आणि पस्तावले. त्या संध्याकाळी वन्संनी आमच्या घरातले सगळे दिवे, पंखे बंद केले आणि एकेक बटण दाबत मला जनुकं शिकवली. आतड्यात हा गरीब, कारण तिथे त्याची निम्मी बटणं बंद असतात. मूत्राशयात पोचला की त्याला जागा बदललेली कळते. मग चिकटून बसायचे केसासारखे आकडे बनवणारी जनुकं चालू, पोहायची शेपटी बनवणारी बंद, आणि तिथे लोह कमी म्हणून आपल्या शरीरातलं लोह ओढून घेणारी चालू. पुरेसे वाढले की शेपटीचं बटण पुन्हा चालू, आणि स्वारी मूत्रपिंडाकडे. "जंतू तोच. बटणं वेगळी. आणि लघवी धरून ठेवून त्याला बटणं दाबायला वेळ देणारी तू," त्या म्हणाल्या. स्वयंपाकघरात अंधारात कुकर तीन शिट्ट्या होऊन बसला होता, पण उठायची माझी छाती झाली नाही.

त्या खेपेला मला थंडी वाजून ताप भरला होता. संसर्ग मूत्रपिंडाच्या दाराशी पोचलाय, पुन्हा होऊ देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पाणी किती पितेस, असं वन्संनी विचारलं तेव्हा खरं सांगावं लागलं. बिबवेवाडीच्या आमच्या शाळेत बाई माणसं पाणी पीतच नसत. शिक्षिकांच्या स्वच्छतागृहाला कुलूप असायचं आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या खणात. चार पुरुषांसमोर ती मागायची आणि त्यांनी घड्याळाकडे बघत द्यायची. म्हणून सकाळी सातला चहा घ्यायचा आणि दुपारी दीडला घरी पळायचं, ही आमची जुनी रीत. नवीन शिक्षिकेला आम्ही पहिल्या दिवशी हजेरीपटाबरोबर हेही शिकवायचो. इतकी वर्षं मीही शिकवलं, आणि आज त्याचाच मला सगळ्यात जास्त संताप येतो.

दुसऱ्या दिवशी वन्सं अहवाल घेऊन मुख्याध्यापकांसमोर जाऊन बसल्या. मी दारात, जमिनीत गडप व्हायच्या तयारीत. आकडे, शेपटी, लोह, सगळं त्यांनी त्यांना ऐकवलं. हा विषय जरा नाजूक आहे, असं ते पुटपुटले.

"हा विषय नाही, अवयव आहे," वन्सं म्हणाल्या. "अहो, आपल्या कुलपाला जंतू घाबरत नाहीत. बायका घाबरतात."

कुलूप त्याच दिवशी निघालं. वन्संनी ते पर्समध्ये टाकलं आणि मुख्याध्यापकांनी परत मागितलं नाही. रिक्षात मात्र मी त्यांच्यावर भडकले. आता शाळेत तोंड कसं दाखवू, तुम्हाला काय जातंय, असं बरंच बोलले. त्या कडेला सरकून पर्स मांडीवर घेऊन बसल्या. स्वारगेट मागे पडल्यावर म्हणाल्या, "आमच्या प्रयोगशाळेत बायकांची सोय पलीकडच्या इमारतीत होती. मी दिवसभर दुसऱ्यांच्या बाटल्या तपासायचे आणि स्वतः पाणी प्यायचे नाही. ताप आला की अंगावर काढायचे. माझ्या दोन्ही मूत्रपिंडांवर वण आहेत. सगळं माहीत होतं गं मला. रागावायचं तेवढं राहून गेलं."

आता त्या आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जातात. तिथल्या सिस्टरांनी हात धुतले की नाही, हे पलंगावरून मोजतात. पाणी त्यांना मापून मिळतं, दिवसाला जेमतेम दोन-तीन पेले, आणि त्यातलाही शेवटचा त्या रात्रीच्या गोळ्यांसाठी राखून ठेवतात. रोज अकराला, मधल्या सुट्टीत, माझा फोन वाजतो. "प्यायलीस?" एवढंच विचारतात. मी खरं बोलतेय की नाही याची त्यांना खात्री नसते, म्हणून फोन कानाला धरून मी घोट घोट पेला संपवते. तो संपेपर्यंत त्या पलीकडे ऐकत असतात.