हिच्या नावाची मेल

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे एका चोराला घातलेल्या शिव्या. मे महिन्यातली दुपार होती. जेवणं झाली होती. मी भिंतीला पाठ लावून पानाचा डबा उघडला होता आणि ही कॉम्प्युटरसमोर बसून आलेल्या मेल वाचून दाखवत होती. त्यात एक कुठल्याशा बँकेच्या नावाने आलेली. तुमचं खातं बंद पडणार आहे, पासवर्ड ताबडतोब कळवा.

“ह्या बँकेत आपलं खातं आहे कुठे?” मी विचारलं.

“नाहीच आहे. मेला नुसता दारं वाजवत फिरतोय.”

“मग लिही त्याला. म्हणावं, तुझ्या बापसाने ठेवलंन काय इथे खातं?”

मी सांगत गेलो, ही हसत हसत लिहीत गेली. माझं शिक्षण चौथीपर्यंत, पण शिव्यांत मी कधी अडलो नाही. पत्र पुरं झालं तेव्हा हिने मला ते पहिल्यापासून वाचून दाखवलं आणि सगळं पुसून टाकलं. चोराला उत्तर द्यायचं नाही, दिलं की त्याला कळतं आत माणूस आहे, असा आमच्या घरात नियम होता. मग म्हणाली, “जरा पडते. चहा आज तुम्ही ठेवा.” मी चहा ठेवला. ही उठली नाही.

डॉक्टर म्हणाले झोपेतच झालं, त्रास नाही झाला. बरं झालं. रडगाणं लिहायला मी बसलेलो नाही, हिला ते आवडतही नसे. लिहायचं आहे ते मेलचं, कारण ती मेल म्हणजे हिची सत्ता होती आणि त्या सत्तेसाठी आम्ही एकदा चांगली लढाई केली होती.

आमचा धंदा हापूसचा. बाग बापाची, नवी कलमं मी लावलेली, पण खोक्यावर नाव हिचं. लग्न झालं त्या वर्षी खोकी छापायची होती, दुसरं नाव सुचेना, म्हणून हिचं टाकलं. वाडीतले हसले. म्हणाले, बायकोच्या नावाने आंबा विकतोस होय रे? मी म्हटलं, तुमच्या बायकांच्या नावाने विकला तर आंबट निघेल. पुढे त्याच नावाला मुंबईत भाव आला आणि हसणारे गप्प झाले.

कॉम्प्युटर घरात आणला तो माझ्या पुतणीने. ती रत्नागिरीत कॉम्प्युटरचा क्लास चालवायची. तिनेच सांगितलं, काका, खोक्यावरच्या नावाचं डोमेन घेऊन ठेवा, म्हणजे मेलवरही तेच नाव दिसेल, फुकटातली मेल धंद्याला शोभत नाही. घेतलं. ही दहावी झालेली. दोन बोटांनी टाइप करायला लागली आणि वर्षभरात बघता बघता सगळी गिऱ्हाइकं हिच्या हाताखाली गेली. मोसमात लांज्याला हायवेवर आमचा गाळा असे. तिथे ही बसायची, मी बागेत. गाळ्यातही एक जुना कॉम्प्युटर ठेवला होता. एसटी थांबली की आंबे विकायचे आणि मधल्या वेळात मेल लिहायच्या.

गिऱ्हाइकांत सगळ्यात मोठा होता आखातातला फळवाला. माणूस मूळचा आमच्याच खाडीपलीकडचा, मुसलमान. दुकान तिकडे आणि म्हातारी आई इकडे गावात. ही त्याला मेल लिहायची ती इंग्रजी अक्षरांत, पण मराठीतून. आधी त्याच्या आईचे गुडघे कसे आहेत ते, मग तिने पाठवलेल्या कालवणाची चव, मग पाऊस, आणि अगदी शेवटी, पाकिटावर तिकीट डकवावं तसा, आंब्याचा भाव. मी म्हणायचो, अगो, धंद्याचं आधी लिही. ती म्हणायची, धंद्याचंच लिहिते आहे.

एका वर्षी, मोहोर बरा धरला होता तेव्हा, त्याचा फोन आला.

“भाऊ, भाभी माझ्यावर रागावली काय?”

“का रे बाबा?”

“मला ‘डिअर सर’ म्हणते! आईचं काही विचारलंन नाही. पावसाचं नाही. नुसतं, आमचं खातं बदललं, ह्या वर्षीची उचल नव्या खात्यात पाठवा. माझा धाकटा भाऊ पैसे पाठवायला बँकेत जाऊन रांगेत उभा होता, त्याला फोन करून मागे बोलावला.”

मी हिला हाक मारली. हिने अशी काही मेल लिहिली नव्हती. त्याने ती परत पाठवली, आम्ही बघितली. वर हिचं नाव, आमचं डोमेन, खाली खोक्यावरचं नाव जसंच्या तसं. हिचा चेहरा मी तसा कधी बघितला नव्हता. कोणी हिची साडी नेसून बाजारात उधारी मागत फिरावं तसं झालं.

“माझ्या नावाने भीक मागतो मेला!” म्हणाली. “आज ह्याने ओळखलंन. उद्या दुसरा नाही ओळखायचा. मग माझं पत्र खरं कोणतं, खोटं कोणतं, कोण सांगणार? बंद करा हा डबा.”

आणि खरंच कॉम्प्युटरवर फडका टाकला. चार दिवस मेल नाही. गिऱ्हाइकांचे फोन मला घ्यावे लागले आणि त्यातली दोन माझ्या बोलण्याने तुटली ती तुटलीच. मला कळलं, ही परत बसली नाही तर बाग राहील, पण नाव जाईल.

पुतणीला बोलावलं. तिने कॉम्प्युटर उघडून सगळं तपासलं आणि म्हणाली, “काका, आपला पासवर्ड कोणी चोरलेला नाही. आपल्या घरात कोणी शिरलाच नाही. पाकिटाच्या मागे पाठवणाऱ्याचं नाव कोणीही काहीही लिहू शकतं ना? तसं आहे हे.”

“मग पोस्टमन काय झोपा काढतो?”

“आत्तापर्यंत काढतच होता. पण आता एक सोय आहे. आपल्या डोमेनच्या नावाखाली जाहीर लिहून ठेवायचं, की ह्या नावाची मेल फक्त अमुक सर्व्हरवरूनच निघते. घेणाऱ्याचा सर्व्हर ते वाचतो. दुसरीकडून आली तर दारातून परत.”

हे मला लगेच पटलं. शिमग्याला आमच्या गावची पालखी निघते. तिला खांदा कोणी द्यायचा ते ठरलेलं असतं. ह्या घराचा मान, त्या घराचा मान. दुसरा कोणी मध्ये घुसला तर ढोल थांबतो, गाव थांबतं, पालखी जागची हलत नाही. मी म्हटलं, म्हणजे मेलचे मानकरी ठरवायचे. पुतणी हसली. “अगदी तसंच. सांगा बघू, मेल कुठून कुठून जाते?”

“कुठून म्हणजे? आपल्या घरातून.”

“अजून कुठून?”

“मानकरी घर आपलं एकच. लिही आणि दार लाव घट्ट.”

तिने लिहिलं. वर ‘बाकी सगळे परत’ असंही लिहिलं, कारण मी घट्ट म्हटलं होतं. सगळ्या गिऱ्हाइकांना फोन करून सांगितलं, की बँकेची गोष्ट आम्ही मेलवर कधी लिहिणार नाही. तशी मेल आली तर आधी फोन करा, मग खिशात हात घाला. हिने फडका काढला. घरात परत टकटक सुरू झाली. मी पान लावलं.

मोसम चढला, ही लांज्याला गाळ्यात जायला लागली, आणि एका दुपारी माझ्या बागेतल्या फोनवर हिचा आवाज. इतका मोठा, की फोन कानापासून लांब धरला.

“अहो! मी बोगस आहे म्हणे!”

“कोण म्हणतो?”

“आखातातला सर्व्हर म्हणतो! सकाळपासून लिहिते आहे आणि सगळं परत येतंय. ह्या नावाने मेल पाठवायचा तुम्हाला अधिकार नाही, असं लिहून येतंय. माझ्या नावाने मला अधिकार नाही?”

घोटाळा झाला तो असा. लांज्याच्या गाळ्यात इंटरनेट दुसऱ्या कंपनीचं. तिथली मेल त्या कंपनीच्या सर्व्हरवरून निघायची. आम्ही मानकरी ठरवले त्यात ती नव्हतीच. पालखीचा मान मोजायला बसलं की घरं मोजतात, बापये मोजतात. बायका कुठून काय पाठवतात हे कोणाच्या ध्यानात येतंय? माझ्या नाही आलं, आणि पुतणी बायकांतली असून तिच्याही नाही.

मी संध्याकाळी लांज्याला गेलो. ही गाळ्यात खोक्यावर बसलेली, हातपंख्याने वारा घेत.

“बसा मानकरी,” म्हणाली. “पालखीत देवी बसलेली, आणि तिलाच म्हणता बाहेर हो!”

शेजारचा काजूवाला इतका हसला, की त्याच्या तराजूतले गर सांडले. मलाही हसू आलं, पण दाबलं, कारण ही अजून हसली नव्हती. मग हिने मला कापलेला आंबा दिला तेव्हा कळलं, निभावलं.

पुतणीने लांज्याच्या कंपनीचं नाव त्यात घातलं. हे सगळीकडे पोचायला वेळ लागतो म्हणाली. पोचलं. हिची गुडघ्यांची आणि पावसाची पत्रं परत आखातात जायला लागली. आणि खरी मजा पुढे आली. चोराने परत हिच्या नावाने मेल सोडल्या. त्या गिऱ्हाइकांच्या दारातून परत फिरल्या, आणि वर नाव हिचं होतं म्हणून परत आलेल्या चिठ्ठ्या हिच्याचकडे यायला लागल्या. रोज सकाळी ही त्या मोजायची नाही, नुसती वाचायची, अंगणात वाळत घातलेल्या फणसपोळीवरचे कावळे हाकलावे तशा थाटात.

“आला होता. हाकललान.”

“कोणी?”

“मुंबईच्या गिऱ्हाइकाच्या पोस्टमनने. आता जागा असतो तो.”

नाव गेलं नाही. उलट गिऱ्हाइकं म्हणायला लागली, भाभीची मेल आली म्हणजे ती भाभीचीच. अशी आमची बरीच वर्षं गेली.

त्या दिवशी, म्हणजे ही गेली त्या दिवशी, संध्याकाळी पुतणी आली. मी तिला म्हटलं, सगळ्यांना कळव. काय लिहू, विचारलंन. मी म्हटलं, गेली म्हणून लिही, दुसरं काय लिहिणार? तिने हिच्याच कॉम्प्युटरवरून चार ओळी लिहून पाठवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आखातातून फळवाल्याचा फोन आला.

“भाऊ,” तो म्हणाला, “मेल वाचली तेव्हा मी हसलो. म्हटलं, चोर आता ह्या थराला गेला. तपासायला दिली. परत दिली, दुसऱ्याकडे. दोघंही म्हणाले, खरी आहे, त्यांच्याच घरून निघाली आहे.” मग आवाज बारीक करून म्हणाला, “आयुष्यात पहिल्यांदा वाटलं भाऊ, खोटी निघावी.”

“होय रे बाबा,” मी म्हटलं. “आपल्याच घरून गेली.”

तो रडत होता. त्याला मीच समजावलं.

ओटीवर माणसं बसायला आली होती. मी माडीवर गेलो आणि पेंढा बाजूला करून अढी उघडली. थोरली भावजय पाठोपाठ आली, म्हणाली, “सुतकात हात लावतात काय आंब्याला?” मी म्हटलं, वहिनी, आंब्याला सुतक कळत नाही, उद्या नासतील. पिकले ते वेगळे केले, पंच्यात भरले, खाली आणले आणि बसलेल्या माणसांच्या हातावर एकेक ठेवत गेलो.