सहदेवमामांचं नाक

मी लेक्चरर म्हणून आले तेव्हा सहदेव परबांना आमच्या अ‍ॅनाटॉमी विभागात अटेंडंट होऊन बारा वर्षं झाली होती, आणि डिसेक्शन हॉल खरं तर तेच चालवत होते. आमचं कॉलेज घाटकोपरचं. फिजिओथेरपी, नर्सिंग आणि एमएस्सीची मुलं एकाच हॉलमध्ये पाळीपाळीनं येतात. दान आलेला देह उतरवून घ्यायचा, तो कुजू नये म्हणून मांडीच्या धमनीतून फॉर्मलिन भरायचं, टाकीत ठेवायचा, वेळ आली की टेबलावर काढायचा. वर्ष संपलं की उरलेलं सगळं गोळा करून अंत्यसंस्काराला न्यायचं. हे सगळं मामांकडे.

शिकवणं त्यांच्याकडे नव्हतं. तरी मुलं शिकायची ती त्यांच्याकडूनच. काखेतल्या नसांच्या जाळ्यापाशी दरवर्षी सगळे अडकतात, चिमट्यानं ओढाओढ करतात आणि नस तुटते. मामा मागून यायचे.

"ओढू नको रे. आजूबाजूची चरबी काढत जा, नस आपणहून उघडी पडते. आणि हळू. कोणीतरी दिलंय म्हणून मिळालंय तुला."

त्यांना वास येत नव्हता. कधीपासून, ते त्यांनाही नक्की सांगता यायचं नाही. हॉलला दोन एक्झॉस्ट पंखे, त्यातला एक कायमचा बंद. मी त्याबद्दल तीनदा पत्र दिलं होतं, आणि तीन पत्रं दिली म्हणजे आपलं काम झालं असं मला वाटत होतं. मुलांच्या डोळ्यांतून पाणी यायचं, मामा मात्र मास्क न लावता टाकीवर वाकायचे. "माका काय वास येणा नाय," म्हणायचे, जणू नोकरीत मिळालेली सवलतच.

आता पुढचं सांगणं मला जड जातं. मेंदूतून निघणाऱ्या बारा नसांपैकी पहिली नस वासाची. ती कशी तपासायची हे दाखवायला मी दरवर्षी मामांना बोलवायचे. त्यांना डोळे मिटायला सांगायचे, एक नाकपुडी दाबायची आणि दुसरीखाली कॉफीची पूड धरायची. मग लवंग. मग हिंग.

"काय आहे, मामा?"

"काय नाय, मॅडम."

मुलं हसायची, मामाही हसायचे. मी फळ्याकडे वळायचे. अशी नऊ वर्षं. एका वर्षी सुयोग नावाच्या मुलानं विचारलं, "मॅम, ह्यांना कशामुळे झालंय?" मी इंग्रजीत सांगितलं की फॉर्मलिनचा संपर्क इतकी वर्षं राहिला की नाकातला वासाचा पडदा खराब होतो, यांचं तेच असणार. आणि दुसऱ्या नसेकडे गेले. मामा मागे टेबल पुसत होते. त्यांना कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे पाठवावं, असं माझ्या मनातही आलं नाही.

मामांची बायको शकु एका पाळणाघरात स्वयंपाक करायची. विभागानं देहदानाची मोहीम घेतली तेव्हा मामांनी फॉर्म भरला, आणि पुढच्या आठवड्यात ती स्वतः आली. चौथी पास. सही करताना मला म्हणाली, "मॅडम, मेल्यावर का होईना, कॉलेजात जाईन की नाही?" मामा लाजून म्हणाले, "गप गो." पण तिनं नीट विचारून घेतलं. टेबलावर किती दिवस ठेवता, तोंड झाकता का, मुलं चेष्टा करतात का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मामांनी दिलं. "माझ्या हॉलात कोण करणार?"

ते दोघं कांजूरमार्गला, झोपडपट्टी पुनर्वसनाच्या, एसआरएच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहायचे. वारा फिरला की तिथं डम्पिंग ग्राउंडच्या कचऱ्याचा वास येतो आणि सगळी इमारत खिडक्या लावून घेते. मागच्या वर्षी फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी तसाच वारा होता. मामांनी घरी येऊन सिलिंडर बदलला. रेग्युलेटर नीट बसला नव्हता. ते तिथंच ओट्याशी बसून तासभर कोळंबी साफ करत होते. नंतर आंघोळीला गेले. शकु कामावरून आली, दारातच नाक मुरडून ओरडली, "आज परत सुटलंय मेलं डम्पिंग! खिडकी लावली तरी घरात." आणि चहा ठेवायला लायटर दाबला.

हे तिनंच मला बर्न्स वॉर्डात सांगितलं, तुटक तुटक. मामांनी चादरीनं तिला विझवलं, त्यात त्यांचे दोन्ही हात भाजले. ती पाच दिवस जगली. चौथ्या दिवशी मला म्हणाली, "ह्यांना बोलू नका कोण. ह्यांना कळतच नाय, त्याला हे काय करणार?"

ती गेली त्या दुपारी मामा बँडेज बांधलेले हात छातीशी धरून माझ्या केबिनमध्ये आले.

"मॅडम, शकुचा फॉर्म आहे."

"मामा, बसा."

"गाडी कधी पाठवताय?"

भाजल्याची केस म्हणजे पोलीस, पोलीस म्हणजे पोस्टमॉर्टेम, आणि पोस्टमॉर्टेम झालेला देह विभाग घेत नाही. हा नियम रडणाऱ्या घरच्यांना दारात उभं राहून समजावणारे मामाच होते. शेकडो वेळा, हात जोडून.

"मामा, तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे. तरी विचारलं." ते जायला वळले. "तिला मी सांगितलं होतं, तू येशील म्हणून."

तिला भांडुपच्या स्मशानात विद्युतदाहिनीत दिलं.

दोन महिन्यांनी मामा कामावर आले. बोटं आखडली होती, चिमटा धरता येत नव्हता. पहिल्याच दिवशी हॉलमध्ये मुलं नसताना त्यांनी मला विचारलं, "मॅडम, नाक फॉर्मलिननं जातं काय?"

"जाऊ शकतं."

"तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"त्या पोरानं विचारलं होतं एकदा. तुम्ही इंग्लिशमध्ये सांगितलंत." त्यांचा आवाज चढला नव्हता. "मी सवय म्हणून सोडून देत होतो. हे दुखणं आहे, जपून राहा, असं मराठीत सांगितलं असतंत तर मी सिलिंडरला हात लावला नसता. तिला लावायला सांगितला असता. एवढंच होतं, मॅडम. बाकी नाक जायचं ते गेलंच होतं."

मी माफी मागितली. त्यांनी मान हलवली, पण ती मान 'ठीक आहे' म्हणणारी नव्हती. मग खिशातून स्वतःचा देहदानाचा फॉर्म काढून टेबलावर ठेवला.

"हा रद्द करा. तिला जाळली, तर मला पण जाळू देत."

मी त्यांच्यासमोर तो रद्द केला.

त्यांना रेकॉर्ड रूममध्ये बदली मिळाली. मी या वेळी पत्रावर थांबले नाही, डीनच्या दारात जाऊन बसले, आणि जूनमध्ये हॉलला चार नवे पंखे लागले. नवीन अटेंडंटला मास्क आणि दर सहा महिन्यांनी तपासणी सुरू झाली. मामा पंखे बघायलाही आले नाहीत. पहिली नस आता मी माझ्यावरच तपासून दाखवते. मुलांना ते फार मजेशीर वाटत नाही.

मामा या मार्चमध्ये मुदतीआधीच निवृत्त झाले. निरोप समारंभ नको म्हणाले. एका कागदावर त्यांची सही राहिली होती, म्हणून मी कांजूरला गेले. भिंतीला नवा रंग होता, ओट्यावर गॅसऐवजी इलेक्ट्रिक शेगडी. त्यांनी आखडलेल्या बोटांनी, वेळ घेऊन सही केली. मग मी निघायला उठले, तर त्यांनी फ्रिजमधलं दुधाचं पातेलं काढून माझ्यापुढे धरलं.

"जरा बघता? कालचं आहे. रोज बाजूची चंपा बघून देते, आज ती गावाला गेलीय."

मी दूध नाकाशी नेलं. किंचित आंबूस वास येत होता.

"गेलंय, मामा."

"मग कोराच करतो," म्हणाले, आणि दूध मोरीत ओतून टाकलं. आम्ही चहा प्यायलो. ते शकुबद्दल बोलले नाहीत, हॉलबद्दलही नाही. कप ठेवून मी खाली उतरले.